मुलगी निदर्शनांना जाते, मी कायद्याच्या बाजूने आहे

पत्र

महोदया, मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो आणि नेरुळला राहतो. धाकटी मुलगी ठाण्यात कायद्याचे शिक्षण घेते. काही काळापासून ती जनसुरक्षा कायद्याविरोधातील निदर्शनांना जाऊ लागली आहे. मध्यंतरी तिच्या गटाने ठाण्यात थोडा वेळ रस्ताही अडवला, आणि पुढच्या कार्यक्रमाआधी तिला पोलीस ठाण्यातून नोटीस आली. माझे म्हणणे साधे आहे. विधिमंडळ लोकांनी निवडून दिलेले आहे. त्याने रीतसर केलेला कायदा ज्यांना पटत नाही त्यांनी न्यायालयात जावे किंवा पुढच्या निवडणुकीत मत द्यावे. रस्त्यावर येऊन निवडून आलेल्यांना वाकवू पाहणे हा लोकशाहीचा अनादर आहे. खुद्द डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत हेच सांगितले होते. बदलापूरला रेल्वे अडवली त्या दिवशी माझी बहीण वांगणीहून कल्याणला दवाखान्यात यायची होती, ती दिवसभर अडकून पडली. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. नोकरीत मोर्चेकऱ्यांची शेकडो निवेदने मी स्वतः स्वीकारली, त्यांतून कुणाचे काय भले झाले तेही पाहिले. मुलगी म्हणते, 'बाबा, लोकशाही म्हणजे पाच वर्षांनी एकदा बटण दाबणे नव्हे.' आता आमचे बोलणेच जवळजवळ बंद झाले आहे. माझे काही चुकते आहे का? आणि तिला मी काय सांगावे?

— एक वाचक, नेरुळ

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे चुकते किंवा बरोबर आहे असा एका ओळीचा निकाल मी देणार नाही, कारण तुम्ही मांडलेले काही मुद्दे अगदी रास्त आहेत. अडचण आहे ती प्रश्न ज्या पद्धतीने घातला आहे त्यात. आंदोलने लोकशाहीचा आणि तिने केलेल्या कायद्यांचा आदर करतात का, असे सरसकट विचारले की उत्तरही सरसकट येते, आणि ते कोणत्याही बाजूचे असले तरी खोटे निघते. एकाच जमावात, एकाच दिवशी, कायद्याची अंमलबजावणी करा अशी मागणी आणि कायदा बाजूला सारा अशी मागणी शेजारी शेजारी उभ्या असतात. म्हणून प्रत्येक मागणी आणि प्रत्येक कृती वेगवेगळी तपासावी लागते. प्रकरण गुणवत्तेवर निकाली काढणे म्हणजे काय, हे महसूल खात्यातील माणसाला मी सांगायला नको.

बदलापूरपासूनच सुरुवात करू. शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, हे कळल्यावर २० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी लोक आधी शाळेसमोर आणि मग रुळांवर आले. संध्याकाळी पोलिसांनी लाठीमार करून रूळ मोकळे करीपर्यंत गाड्या ठप्प होत्या. यात तुमच्या बहिणीचा काहीही दोष नव्हता, आणि तिचा खोळंबा म्हणजे न्यायासाठी मोजावी लागणारी किरकोळ किंमत, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जो किंमत ठरवतो त्यानेच ती मोजावी. दुसऱ्याच्या दवाखान्याच्या वेळेतून ती वळती करून घेऊ नये. रेल्वे अडवणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७४ खाली गुन्हा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या दिवशीच्या आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले यात कायद्याच्या दृष्टीने वावगे काही नव्हते.

पण त्या जमावाची पहिली मागणी काय होती, हेही पाहायला हवे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा तर याबाबत आणखी कडक आहे. म्हणजे रुळांवर उतरलेली माणसे संसदेने केलेलाच कायदा पाळा असे म्हणत होती, आणि तो पाळला गेला नव्हता तो गणवेशातल्या माणसांकडून. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि विलंबाबद्दल पोलिसांना खडे बोल सुनावले. त्याच गर्दीत दुसरी घोषणाही होती: आरोपीला आत्ताच्या आत्ता फाशी द्या. तिच्यात खटल्याला जागा नव्हती, पुराव्याला नव्हती, बचावाच्या वकिलालाही नव्हती. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, तो आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला, आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या कथनावर गंभीर शंका उपस्थित केल्या. पहिल्या मागणीमागे कायदा होता आणि दुसरीने तो उधळून लावला, तरी दोन्ही एकाच आंदोलनातल्या होत्या. तुम्ही दुसरीवरून पहिलीला नापास केलेत. तुमची मुलगी बहुधा पहिलीवरून दुसरीला पास करत असेल. तसे असेल तर तेही तितकेच चूक आहे.

याच प्रकरणावरून विरोधी पक्षांनी २४ ऑगस्टला महाराष्ट्र बंद पुकारला आणि उच्च न्यायालयाने तो आदल्या दिवशी रोखला. बंदाबाबत आपली न्यायालये बऱ्याच काळापासून एका सुरात बोलत आली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. जुलै २००३ मधील मुंबई बंदाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी वीस लाख रुपयांचा दंड केला होता. यामागचे तत्त्व मला पटते. माझे दुकान निषेध म्हणून बंद ठेवण्याचा मला अधिकार आहे. शेजाऱ्याचे शटर दगडाच्या धाकाने खाली ओढायला लावण्याचा नाही. ज्याला बंद पटत नाही तोही नागरिकच असतो, आणि लोकशाहीच्या नावाने त्याच्यावर केलेली जबरदस्ती त्याच्या दृष्टीने हुकूमशाहीच असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पुकारणाऱ्यांनी न्यायालयाचा आदेश नापसंत असूनही मानला, बंद मागे घेतला आणि तोंडाला काळ्या फिती बांधून निदर्शने केली. निर्णयाशी मतभेद ठेवून तो पाळणे आणि पाळता पाळता मतभेद उघडपणे मांडत राहणे, याला मी कायद्याचा आदर म्हणते. त्यात गप्प बसण्याची अट नाही.

आता तुमच्या मुख्य आधाराकडे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावेत असे सांगितले, हे खरे आहे. मात्र सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तोवर या मार्गांचे बऱ्याच अंशी समर्थन होऊ शकत होते, आता ते मार्ग खुले आहेत म्हणून समर्थन उरत नाही, अशी त्यांची मांडणी होती. शिवाय शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क ज्या घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, ती त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवली. मोर्चा, सभा आणि निदर्शने ही स्वतःच सनदशीर साधने आहेत. तुमच्या पत्रात मोर्चा, रास्ता रोको, बंद आणि रेल्वे रोको हे सगळे एकाच दावणीला बांधले गेले आहे, आणि आंबेडकरांचे वाक्य त्या सगळ्यांवर एकदमच लागू केले आहे. त्यांच्या स्वतःच्या वागण्यात हा फरक स्वच्छ दिसतो. सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून आलेले सदस्य म्हणून त्यांनी खोती, म्हणजे कोकणातील मध्यस्थ जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो कुळांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली विधानसभेवर गेला. विधेयक सभागृहात आणि मोर्चा दारात, दोन्ही एकाच माणसाचे, चारच महिन्यांच्या अंतराने. महाडच्या चवदार तळ्याचेही तसेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी लोक तळ्यावर गेले ते कागदावर मिळालेला हक्क ओंजळीत घ्यायला. त्या दिवशी कायद्याचा भंग करणारे कोण होते, ते इतिहासात नोंदलेले आहे.

आणि सनदशीर मार्ग खुले आहेत, हे गृहीतही आपल्या भागात जरा तपासून घ्यावे लागते. घटनेच्या कलम २४३-यू नुसार महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. नवी मुंबईच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली, ठाण्याची २०२२ मध्ये, आणि त्यानंतर कारभार गेला प्रशासकांकडे. तुमच्या नेरुळमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात पाणी कमी दाबाने येते म्हणून, डोंगर पोखरला जातो म्हणून, पाणथळ जागेवर भराव पडतो म्हणून लोक पालिकेच्या दारात उभे राहिले, तर पुढच्या निवडणुकीत मत द्या हे उत्तर त्यांना कोणत्या तोंडाने द्यायचे होते? घटनेने दिलेली निवडणूक वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते तेव्हा लोकशाहीचा अनादर होत नाही काय, हा प्रश्न मी जाहीर चर्चांत फारसा कधी ऐकला नाही, याचे नवल वाटते.

ज्या कायद्यावरून तुमच्या घरात वाद आहे त्याच्या गुणदोषांवर मी इथे मत देणार नाही, कारण प्रश्न तो नाही. मात्र तो कसा झाला हे लक्षात घेण्यासारखे आहे. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडून ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले, आणि समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. मूळ मसुद्याचा रोख व्यक्ती आणि संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांवर होता. तो बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरता करण्यात आला. विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी ते आवाजी मतदानाने मंजूर केले. हा बदल पुरेसा आहे असे विरोधकांना वाटत नाही, सरकारला वाटते. पण आधी कुणी आरडाओरडाच केला नसता, तर मूळ मसुदा जसाच्या तसा पुढे सरकला असता अशीच शक्यता अधिक. म्हणजे हरकत घेणाऱ्यांनी कायदा घडवण्याच्या कामात भागच घेतला. विधेयक मंजूर झाल्यानंतर ती हरकत अचानक लोकशाहीविरोधी ठरते, असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. केलेला कायदा दुरुस्त करणे किंवा रद्द करणे हेदेखील विधिमंडळाचेच काम आहे, आणि ते करा असे त्याला शांतपणे, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा सांगता येते.

इथे तुम्ही तीन कृषी कायद्यांची आठवण काढाल. संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये केलेले कायदे दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांमुळे मागे घ्यावे लागले, मग संसदेला अर्थ काय उरला? मला या प्रकरणात दोन्ही टोके खुपतात. राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत असताना विधेयके गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ती रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झाले. येताना मतविभागणी नाही, जाताना चर्चा नाही. संसदेचा मान रस्त्याने कमी केला असे म्हणण्याआधी, सभागृहाने स्वतः तो किती राखला हे पाहिले पाहिजे. तरीही अखेरचे मत संसदेतच पडले. शेतकऱ्यांनी जंतरमंतरवर प्रतीकात्मक 'किसान संसद' भरवली होती, पण कायदे रद्द झाले ते खऱ्या संसदेतच. त्यांनी निवडून आलेल्या सरकारला भाग पाडले, आणि सरकारने आपल्या हाताने निर्णय फिरवला. पुढच्या निवडणुकांचा विचार करून कोणतेही सरकार माघार घेते तेव्हा ते लोकांच्या मताचा हिशेब करूनच. त्याला ब्लॅकमेल म्हणायचे की उत्तरदायित्व, हे बहुतेक वेळा आपण कोणत्या पक्षाचे यावर ठरते. प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी २०२१ रोजी, लाल किल्ल्यावर जे घडले ते मात्र यात बसत नाही, आणि आंदोलनाच्या नेत्यांनीही त्यापासून स्वतःला वेगळे केले होते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले, तिकडे वळते: शेकडो निवेदने स्वीकारली आणि त्यांतून काय झाले ते पाहिले. हे वाक्य तुम्ही मोर्चेकऱ्यांविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिले आहे. मला ते उलट वाटते. दृश्य दोघांच्याही ओळखीचे आहे. मोर्चा कोर्ट नाक्याजवळ जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अलीकडे बॅरिकेडपाशी अडवला जातो, उन्हात घोषणा चालू राहतात, पाच जणांचे शिष्टमंडळ आत सोडले जाते. साहेब बैठकीत असतात, मग निवासी उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार निवेदन घेतात, दुय्यम प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख पडते, फोटो निघतो. बाहेर येऊन कुणीतरी 'आपल्या मागण्या वरपर्यंत पोहोचवू असे आश्वासन मिळाले आहे' असे सांगतो, आणि लोक परतीची लोकल पकडतात. आत निवेदन 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाते, तिथून तिसऱ्या, आणि कधीतरी 'नस्तीबद्ध', म्हणजे फाइलबंद, होते. ज्या माणसाने हा प्रवास आतून पाहिला आहे, त्याने बाहेरच्यांना सनदशीर मार्गाने जा असे सांगताना त्या मार्गाची अवस्थाही सांगायला हवी.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्यातून पुढे मुंबईत गेला, तो तुम्हाला आठवत असेल. सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या त्या माणसांत आदिवासींची संख्या मोठी होती, आणि त्यांची एक मुख्य मागणी होती वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची. हा कायदा संसदेने २००६ मध्ये केला. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा पायऱ्यांनी दावे निकाली निघायचे होते, आणि बारा वर्षांनंतरही ते खोळंबले होते किंवा अपुऱ्या कारणांनी फेटाळले गेले होते. या समित्यांच्या बैठका कशा होतात, दाव्यासोबतचे पुरावे कसे गहाळ होतात, हे तुमच्याइतके नेमके सांगणारे फार थोडे असतील. ११ मार्चच्या संध्याकाळी ते शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी हजारो माणसे रस्त्यावर आली तर मुलांचे हाल होतील म्हणून, फोड आलेल्या पायांनी ती रात्रीच उठली आणि पहाटे आझाद मैदानात जाऊन बसली. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिले. पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, अपुऱ्या राहिलेल्या मागण्यांसाठी त्यांना पुन्हा नाशिक जिल्ह्यातून चालत निघावे लागले, आणि त्या वेळी मोर्चा आपल्याच जिल्ह्यात वासिंदला थांबला. संसदेच्या कायद्याचा मान कुणी ठेवला आणि कुणी ठेवला नाही, हे या गोष्टीत तरी वादाचे नसावे.

तुम्ही राहता ते नेरुळही याला अपवाद नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील जमिनी कायद्यानुसारच संपादित झाल्या, आणि मोबदला तुटपुंजा होता. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील हे आमदारही होते आणि खासदारही; सभागृहात बोलणे त्यांना चांगलेच ठाऊक होते. तरीही जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि त्यानंतरच्या वाटाघाटींतून व पाठपुराव्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याचे तत्त्व आले. सिडको आणि भूसंपादन कायदा या दोन्ही गोष्टी वैध होत्या. वैध असणे आणि न्याय्य असणे यांतले अंतर त्या माणसांनी जिवानिशी मोजले. ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने हे झाले, तो पुढे २०१३ मध्ये संसदेनेच बदलला.

जाता जाता एक बारीक चिमटा काढते, रागावू नका. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले आहे, आणि सेवेच्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. तरी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर कर्मचारी संपावर गेले आणि दाखल्यांसाठी आलेले लोक रिकाम्या खुर्च्या पाहून परतले. तुम्ही तेव्हा सेवेत होता की नाही हे पत्रात नाही. पण त्या संपाला तुम्ही लोकशाहीचा अनादर म्हणाला होता का, हे स्वतःशी आठवून पाहा.

इतके सगळे मुलीच्या बाजूने बोलल्यासारखे वाटले असेल, म्हणून आता तिच्याकडे वळते. रस्ता अडवण्याच्या बाबतीत माझे मत तुमच्या बाजूने आहे. दिल्लीतील शाहीनबागेच्या धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी सांगितले की विरोधाचा हक्क मान्य आहे, पण सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवून ठेवता येणार नाहीत. तिच्या गटाने रस्ता थोडाच वेळ अडवला, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, हे ती वकिली करून सांगेल आणि ते खरेही आहे. तरी तिला दोन गोष्टी विचारा. ठाण्याच्या वाहतुकीत त्या वेळात अडकलेल्या रुग्णवाहिकेसाठी कुणी स्वयंसेवक नेमले होते का? आणि जे केले ते आपण केले, असे नावानिशी सांगायला गट तयार आहे का? कायदा मोडून विरोध करायचाच असेल तर तो उघड, हिंसेविना आणि शिक्षा पत्करून करायचा असतो. १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी आरोप मान्य केला आणि कायद्याने द्यायची ती कडक शिक्षा द्या असे न्यायाधीशांना सांगितले. तोंडावर रुमाल बांधून दगड मारणारा आणि पुढे गुन्हा मागे घ्या म्हणून मंत्र्याच्या दारात उभा राहणारा त्या परंपरेत बसत नाही. आणखी एक कसोटी तिला घालून द्या, आणि ती स्वतःलाही लावून घ्या: आपल्याला न पटणाऱ्या मागणीसाठी दुसऱ्या कुणी हीच कृती केली असती तर आपण ती चालवून घेतली असती का? आरक्षणाचा मोर्चा, धार्मिक मिरवणूक, पक्षाचा रास्ता रोको, यांतला आपला आणि परका असा फरक आला की दोन्ही बाजूंचा कायद्याबद्दलचा आदर पातळ होतो.

राहिली नोटीस. तिचा घरात जो बाऊ झाला आहे तो आवरता घ्या. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली संयोजकांना अशी नोटीस देतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली निघे. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल आणि ही नोटीस पुरावा म्हणून वापरली जाईल, असा तिचा ठरलेला मजकूर असतो. ती मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नव्हे. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश ठाणे आणि नवी मुंबईत वारंवार निघतात, आणि ते लागू असताना परवानगीशिवाय जमल्यास कलम १३५ खाली कारवाई होऊ शकते. म्हणून पुढच्या कार्यक्रमाचा अर्ज पुरेसे दिवस आधी, ठिकाण, वेळ, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावे देऊन, पोलीस ठाण्यात द्यावा आणि पोच घ्यावी. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागावे. सभा आणि मिरवणुकांवर नियमन करता येते, पण मनमानी बंदी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच हिमतलाल शाह खटल्यात सांगितले आहे, आणि तुमच्या मुलीने तो निकाल बहुधा अभ्यासलाही असेल.

असा अर्ज आणि त्यासोबतचे निवेदन कसे लिहावे, हे तुमच्याइतके चांगले तिला कुणी शिकवू शकणार नाही. कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याला, नेमके काय करायला सांगितले आहे हे पहिल्या परिच्छेदात आले, तर तो कागद टेबलावरून सहजी सरकवता येत नाही, हे तुम्ही जाणता. जनसुरक्षा कायद्याबद्दलचे तुमचे मत बदलायची त्यासाठी गरज नाही, आणि तिनेही तुमचे ऐकून आपले मत बदलावे अशी अट घालू नका. नोटिशीचे उत्तर दोघे मिळून लिहा, त्यात शांततेची हमी आणि हक्काचा उल्लेख दोन्ही असू द्या, आणि ते द्यायला पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जा. पुढे कधी खरोखर गुन्हा दाखल झालाच, तर सरकारे आंदोलनांतील खटले वेळोवेळी मागे घेत आली आहेत या भरवशावर राहू नये. वकिलीची सनद घेताना किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत जी माहिती विचारली जाईल ती तिने खरी भरावी. शांततापूर्ण निदर्शनातल्या गुन्ह्यापेक्षा तो लपवल्याने होणारे नुकसान बहुतेक वेळा मोठे असते.